न आलेल्या झटक्याचा हिशेब

डोकेदुखीची गोळी घेतली की तासाभरात उत्तर मिळतं. तापाची घेतली की कपाळाला हात लावून कळतं. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र वर्षानुवर्षं घ्यायची आणि तिने आपल्यासाठी काय केलं हे कधीच कळायचं नाही. तिचं काम फत्ते झालं तर काहीच घडत नाही. झटका आला नाही तो गोळीमुळे, की तो तसाही येणार नव्हता? एका माणसापुरतं या प्रश्नाला उत्तरच नाही. उलट मांड्या भरून आल्या, पोटऱ्या दुखल्या, साखर थोडी वर सरकली, तर ते लगेच लक्षात येतं आणि ठपका ठेवायला गोळ्यांचं पाकीट समोरच असतं.

गेले काही महिने हे डोक्यात घोळतंय, कारण आमच्या घरात हा प्रश्न एकाच वेळी तिघांपुढे आहे. माझ्यापुढे, दादापुढे आणि आईपुढे. औषध एकाच जातीचं, स्टॅटिन. पण तिघांचा हिशेब इतका वेगळा आहे की ‘स्टॅटिन चांगलं की वाईट’ असं कुणी विचारलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुणासाठी?

माझं सांगते. नेहमीच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 158 आलं. रक्तदाब ठीक, तंबाखू-सिगारेट नाही, साखर मधुमेहाच्या उंबरठ्याच्या अलीकडे पण फार अलीकडे नाही. डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “गोळी सुरू करू या.” मी विचारलं, “कायमची?” ते म्हणाले, “बहुतेक हो.” बाहेर पुढचे पेशंट बसले होते. डॉक्टर चांगले आहेत, सल्लाही चुकीचा नव्हता. पण उरलेल्या आयुष्यभर रोज करायच्या गोष्टीचा निर्णय दोन वाक्यांत व्हावा, हे मला पटेना. प्रिस्क्रिप्शन घेऊन घरी आले आणि वाचायला बसले.

वाचताना पहिल्यांदा अडखळले ती टक्केवारीवर. स्कॉटलंडमध्ये झालेली एक मोठी चाचणी 1995 साली प्रसिद्ध झाली. त्यात 6,595 मध्यमवयीन पुरुष होते, कोलेस्टेरॉल चढलेलं, पण आधी हार्ट अटॅक न आलेले. अर्ध्यांना प्राव्हास्टॅटिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. जवळपास पाच वर्षांनी मोजलं तेव्हा औषध नसलेल्या गटात 248 जणांना हार्ट अटॅक आला होता किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला होता. औषधाच्या गटात 174 जणांना. म्हणजे धोका 31 टक्क्यांनी कमी. आता हेच शंभर माणसांच्या भाषेत मांडू. गोळी न घेणाऱ्या शंभरातल्या साधारण साडेसात जणांवर ही वेळ आली, घेणाऱ्या शंभरातल्या पाचाहून थोड्या जास्त जणांवर. फरक शंभरात दोनाचा. बाकीच्यांपैकी बहुतेकांना गोळी घेऊनही काही झालं नाही आणि न घेताही काही झालं नाही.

31 टक्केही खरे आणि शंभरात दोनही खरे. पण पहिला आकडा ऐकला असता तर मी त्याच संध्याकाळी गोळी सुरू केली असती, आणि दुसरा ऐकला असता तर ‘बघू पुढे’ म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकला असता. पेशंटला एकच आकडा सांगणं म्हणजे त्याच्या वतीने परस्पर निर्णय घेऊन टाकणं आहे. गोळीच्या बाजूचे बहुधा पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरा. माणसाच्या हातात दोन्ही पडायला हवेत.

दादाचा हिशेब निराळा. त्याला बावन्नाव्या वर्षी झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसवलेला आहे. त्याच्यासारख्यांवरची सगळ्यात महत्त्वाची चाचणी 1994 ची, स्कँडिनेव्हियातली. आधीच हृदयविकार असलेली 4,444 माणसं, औषध सिम्व्हास्टॅटिन, काळ साडेपाच वर्षांच्या आसपास. औषध नसलेल्या गटात शंभरातली 12 माणसं दगावली, औषधाच्या गटात 8. इथे मोजलेत ते नुसते झटके नव्हेत, मृत्यू. कोणत्याही कारणाने झालेले सगळे मृत्यू.

या चाचणीला एवढं महत्त्व का, हे तिच्या आधीचा काळ पाहिला की समजतं. क्लोफायब्रेट नावाच्या औषधाने कोलेस्टेरॉल खाली येत होतं. पण 1978 साली त्यावरच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले तेव्हा दिसलं की औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू जास्तच झाले. त्यामुळे कोलेस्टेरॉल औषधाने उतरवावं का, याबद्दल डॉक्टरांमध्येच खरीखुरी शंका होती, आणि ती रास्त होती. पुढे 2006 मध्ये टोर्सेट्रॅपिबचं तेच झालं. त्या औषधाने ‘चांगलं’ एचडीएल भरपूर वाढलं, ‘वाईट’ एलडीएल उतरलं, रिपोर्ट बघावा तर सुंदर. आणि माणसं जास्त मेली. चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणून रिपोर्टमधला आकडा सुधारला एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कोणत्याही नव्या औषधाबद्दल माझा पहिला प्रश्न असतो, झटके कमी झाले का? माणसं जास्त जगली का? स्टॅटिन या प्रश्नाला उतरलेलं औषध आहे. एकदा नव्हे, अनेक देशांत, अनेकदा.

तर दादाच्या बाबतीत तराजू सरळच एका बाजूला झुकलेला. आणि नेमकी त्यानेच गोळी बंद केली.

वहिनीचा फोन आला. “पाकीट बघितलं तर भरलेलंच. विचारलं तर म्हणतात, मांड्यांत गोळे येतात, जिना चढवत नाही.” मी दादाकडे गेले. तो खुर्चीत बसून मांडी दाबत होता, गुडघ्याच्या वर, दोन्ही हातांचे अंगठे रोवून. म्हणाला, “तू वाचतेस ना एवढं, मग यातलंही वाच. कित्येकांना होतं हे.” मी म्हटलं, “दादा, दुखतंय हे मला मान्य आहे. पण कशाने दुखतंय ते आधी बघू या ना.”

या बाबतीतला मला सगळ्यात विचारात पाडणारा प्रयोग इंग्लंडमधला आहे, 2020 साली प्रसिद्ध झालेला. त्यात साठच माणसं होती, पण निवडलेली कशी, तर त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेली. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात कोणती बाटली याचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आज किती त्रास झाला, ते रोज शून्य ते शंभरात फोनवर नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाची सरासरी आली 8. स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3. म्हणजे त्रास दुप्पट, लोक खोटं बोलत नव्हते. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत? 15.4. त्रासाचा जवळजवळ सगळा वाटा गोळी घेण्याचा होता, गोळीत काय आहे त्याचा नव्हे. स्वतःचेच आलेख बघून त्यातल्या निम्म्या माणसांनी नंतर स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

हा प्रयोग चुकीच्या हातात पडला तर फार वाईट वापरला जाईल. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून पेशंटला वाटेला लावता येईल. दुखणं मनाचं नव्हतं, मांडीचंच होतं. अपेक्षेमुळे स्नायू दुखू शकतो, आणि तो तितकाच दुखतो. शिवाय काहींना खरोखर औषधानेच त्रास होतो. जवळपास सव्वा लाख लोकांच्या चाचण्यांची माहिती एकत्र करून 2022 साली काढलेला हिशेब असा की पहिल्या वर्षात हजारामागे सुमारे अकरा जणांना स्टॅटिनमुळे जास्तीचा स्नायूंचा त्रास होतो, बहुतेकदा सौम्य. आणि त्याहून कितीतरी विरळा, पण गंभीर प्रकार म्हणजे स्नायू मोडून त्यातले घटक रक्तात उतरणं, लघवी गडद होणं, किडनी धोक्यात येणं. सेरिव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन याच कारणाने 2001 मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. काही औषधं सोबत घेतली की हा धोका वाढतो, उदाहरणार्थ क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि सिम्व्हास्टॅटिन. म्हणून घसा दुखतो एवढ्यासाठी डॉक्टरकडे गेलात तरी स्टॅटिन चालू आहे हे सांगायचंच.

दादाला मी प्रयोगाचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “म्हणजे माझं खरं की खोटं?” मी म्हटलं, “खरंच. कारण कोणतं, तेवढं शोधायचं.” डॉक्टरांनी तेच केलं. गोळी काही आठवडे पूर्ण बंद, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या सीके या एन्झाइमची तपासणी, थायरॉईड आणि ड जीवनसत्त्वही बघितलं. मग दुसरं स्टॅटिन, कमी मात्रेत, सोबत एझेटिमाइब. या जोडीमागचं गणित मला आवडलं. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं. बहुतेक फायदा पहिल्या छोट्या मात्रेतच मिळून जातो. मग मात्रा वाढवत नेऊन मांड्यांची परीक्षा कशाला घ्यायची? आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषणं कमी करणारं दुसरं औषध जोडायचं. अठरा हजारांवर लोकांच्या 2015 च्या चाचणीत या जोडीने झटके आणखी थोडे कमी झाले. थोडेच, सात वर्षांत शंभरात दोन. पण झटका येऊन गेलेल्या माणसासाठी तेही सोडण्यासारखं नाही. कुठलंच स्टॅटिन झेपत नसेल तर आता बेम्पेडोइक अॅसिड आहे, इंजेक्शनं आहेत. पूर्वी ‘गोळी सोसत नाही’ म्हणजे दार बंद, तसं आता राहिलेलं नाही. दादासारख्याने कुणालाही न सांगता गोळी बंद करणं मला म्हणूनच इतकं लागतं. सांगितलं असतं तर वाट होती.

औषध शरीरात नेमकं करतं काय, हे समजलं तेव्हा माझी अर्धी भीती गेली. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतःच बनवतं. स्टॅटिन त्या कामातलं एक एन्झाइम अडवतं. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागतं, तेव्हा ते आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. हे रिसेप्टर शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना 1985 चं नोबेल मिळालं. औषध मात्र आलं बुरशीतून. जपानचे अकिरा एन्डो यांनी 1971 पासून हजारो बुरश्या तपासल्या आणि तांदळावर मिळालेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं. उंदरांना दिलं तर कोलेस्टेरॉल ढिम्म हलेना. तिथेच प्रकरण संपायचं. पण एका सहकाऱ्याकडे प्रयोगासाठी पाळलेल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. त्यांना देऊन पाहिलं आणि कोलेस्टेरॉल निम्म्यापर्यंत खाली आलं. त्या कोंबड्या नसत्या तर, हा विचार मी बऱ्याचदा करते. 1987 मध्ये अमेरिकेत पहिलं स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, बाजारात आलं.

यकृत खराब होतं, ही भीती मला बहुतेक जण घालतात. रक्तात यकृताचे एन्झाइम थोडे वाढू शकतात, खरी इजा फार विरळा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2012 साली दर काही महिन्यांनी यकृत तपासत राहण्याची अटच काढून टाकली. सुरू करण्याआधी एकदा तपासायचं, पुढे लक्षणं दिसली तर.

माझ्यासाठी टोचणारा मुद्दा साखरेचा होता, कारण मी उंबरठ्याजवळ उभी. स्टॅटिनने मधुमेहाचा धोका वाढतो, ही अफवा नव्हे. तेरा चाचण्यांतली 91 हजार माणसं धरून 2010 साली हिशेब निघाला, 255 जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर एकाला जास्तीचा मधुमेह. 2008 च्या आणखी एका मोठ्या चाचणीत रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 270 जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांपैकी 216 जणांना. नंतर त्याच आकड्यांत खोलवर पाहिलं तेव्हा दिसलं की ही वाढ आधीच काठावर असलेल्यांत होती, आणि त्यांच्यात मधुमेहाचं निदान सरासरी पाचेक आठवडे लवकर झालं होतं. ‘काठावर असलेल्यांत’ हे वाचून पोटात खड्डा पडला. ‘पाचेक आठवडे’ वाचून जरा जिवात जीव आला.

इथे दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी तोलाव्या लागतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडलेला ताळेबंद मी वहीत उतरवून घेतला आहे. एलडीएल बरंच, म्हणजे 77 अंकांनी, उतरवणारं स्टॅटिन दहा हजार जणांनी पाच वर्षं घेतलं, तर आधी हृदयविकार असलेल्यांत सुमारे एक हजार जणांचे झटके-पक्षाघात टळतात, नसलेल्या पण धोका वाढलेल्यांत सुमारे पाचशे जणांचे. त्याच दहा हजारांत पन्नास ते शंभर जणांना नवा मधुमेह, पाचांना स्नायूंचा गंभीर विकार, पाच ते दहा जणांना मेंदूत रक्तस्राव. बेरीज-वजाबाकी कोणत्या बाजूला जाते ते स्पष्ट आहे. पण ती दहा हजारांची. दादाचा मूळ धोका मोठा, म्हणून त्याच्या वाट्याला येणारा फायदाही मोठा. ज्याचा धोका मुळातच नगण्य, त्याचा फायदाही नगण्य, त्रासाची शक्यता मात्र तेवढीच. तरुण, निरोगी, एलडीएल जरासं वर, घरात कुणाला काही नाही, अशा माणसाने आधी वजन, चालणं, सिगारेट, रक्तदाब यांच्याकडे बघितलं तर मी त्याला घाबरट म्हणणार नाही. आणि ज्याचं एलडीएल लहानपणापासूनच 190 च्या वर आहे, घरात अनुवंशाने चालत आलेलं आहे, त्याने मात्र ‘आधी व्यायाम करून बघतो’ म्हणत वर्षं घालवू नयेत.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले, प्रश्न लिहून. माझा पुढच्या दहा वर्षांचा धोका किती? दादाला पंचावन्नच्या आत झटका आला, त्याने माझा धोका किती वाढतो? गोळीने तो कितीवरून किती होईल? डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवून सगळं मांडून दाखवलं. विचारलं की बहुतेक डॉक्टर सांगतात, असा माझा अनुभव आहे. उत्तर शंभरात दोनाच्या आसपासच आलं.

तरीही मी गोळी सुरू केली. मन वळवलं ते एका वेगळ्याच अभ्यासाने. काही माणसांत पीसीएसके9 नावाच्या जनुकात जन्मजात बिघाड असतो आणि त्यामुळे त्यांचं एलडीएल जन्मापासूनच कमी राहतं. अमेरिकेतल्या अशा कृष्णवर्णीयांचा पंधरा वर्षांचा अभ्यास 2006 मध्ये आला. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा 28 टक्के कमी होतं, आणि हृदयविकार 88 टक्के कमी. 28 टक्के उतार म्हणजे काही विशेष नाही, साधी गोळी त्याहून जास्त उतरवते. फरक वर्षांचा आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत थर साचायला दशकं लागतात, आणि चाचण्या आपल्याला पाचच वर्षांचा तुकडा दाखवतात. जन्मजात वरदान आणि पन्नाशीनंतरची गोळी यांत अंतर आहे, हे मी जाणते. पण माझ्यापुढे जगायची वर्षं पाचाहून जास्त आहेत अशी आशा धरून मी छोट्या मात्रेला हो म्हटलं. तीन महिन्यांनी एलडीएल 98 आलं. साखर आहे तिथेच आहे, ती मी नेमाने तपासते. जेवणानंतर चालायला लागले आहे, ते साखरेच्याच धास्तीने.

राहिली आई. चौऱ्याऐंशी वर्षांची, हृदयविकार कधीच नाही, स्टॅटिन जुनं. हल्ली तिला चक्कर येते, तोल जातो, आणि सकाळच्या गोळ्यांची मूठ तिला नकोशी झाली आहे. 28 चाचण्यांचा 2019 चा एकत्रित अभ्यास मी शोधून वाचला. एक लाख 86 हजारांवर माणसं, पण पंचाहत्तरीच्या पुढची फक्त साडेचौदा हजार. आधी हृदयविकार असलेल्या वृद्धांत फायदा ठळक दिसतो, नसलेल्यांत पुरावा क्षीण. मला वाटलं, सोपं आहे, आईची ही गोळी कमी करता येईल. तिच्याजवळ बसून तसं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “मरणाचं मला काही नाही गं. पण माईसारखं पडून राहायचं नाही.” माई तिची मोठी बहीण. पक्षाघातानंतर कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि आईने ते जवळून पाहिलं. पक्षाघाताचा धोकाही स्टॅटिन कमी करतं. माझ्या सगळ्या आकड्यांत आयुष्याची वर्षं होती. तिला वर्षं नकोच होती, एक विशिष्ट गोष्ट टाळायची होती. ती कोणत्या रकान्यात लिहायची हे मला सुचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरकडे न्यायचं आहे, सगळ्या गोळ्या पिशवीत भरून. झोपेची गोळी आणि रक्तदाबाची दुसरी गोळी, चक्कर त्यांच्यामुळे येते का हे आधी बघायला सांगणार आहे. स्टॅटिनची पाळी शेवटी, आणि तेव्हा बोलायचं ते आईने.